पाऊस पडतो घाटमाथ्यावर, ऊस पिकतो दौंडला : विश्वेश्वरय्यांनी पुण्यात नेमकं काय केलं?

जुलै-ऑगस्ट महिना आला की सोलापूर, इंदापूर, करमाळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक आकडा रोज सकाळ-संध्याकाळ फिरायला लागतो. दौंडचा विसर्ग. म्हणजे दौंडजवळून भीमा नदीतून सेकंदाला किती घनफूट पाणी उजनीकडं चाललंय, तो आकडा. कधी दहा हजार क्युसेक, कधी थेट लाखाच्या पुढं.

गंमत अशी की हा आकडा फुगलेला असतो त्या दिवशी खुद्द दौंडच्या शेतात बऱ्याचदा भुरभुरीपलीकडं काही पडलेलं नसतं. बाजरी माना टाकून उभी असते आणि नदी मात्र दुथडी भरून वाहत असते. भीमेच्या दक्षिणेला दौंड, उत्तरेला शिरूर. दोन्हीकडं चित्र तेच. नदीला पूर आणि आभाळ कोरडं.

मग हे पाणी येतं कुठून? आणि दुसऱ्याच्या आभाळातलं पाणी आपल्या शेतात कसं आणायचं?

हा दुसरा प्रश्न ज्यांच्या टेबलावर सव्वाशे वर्षांपूर्वी आला, त्यांचं नाव सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १५ सप्टेंबरला आपण अभियंता दिन साजरा करतो तो त्यांच्याच जयंतीला. पण स्टेटसला लावलेल्या फोटोत ते म्हैसूरचे दिवाण असतात, डोक्यावर फेटा, मागं कृष्णराज सागर धरण. या माणसाची अभियंता म्हणून घडण पुण्यात झाली, पहिली चोवीस वर्षं नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि धरणांबद्दलची त्यांची मोठी कल्पना पहिल्यांदा खडकवासल्यावर उभी राहिली, हे आपल्याकडंच फारसं सांगितलं जात नाही.

जन्म आताच्या कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी गावचा. जन्मवर्ष काही ठिकाणी १८६० तर काही ठिकाणी १८६१ छापलेलं दिसतं. घरात संस्कृत विद्येची परंपरा, पैशाची मात्र चणचण. वडील लवकर गेले. पोरगा बंगळूरला मामाकडं राहिला, शिकवण्या घेऊन स्वतःचा खर्च भागवला आणि १८८१ साली सेंट्रल कॉलेजातून बीए झाला.

पुढं म्हैसूर संस्थानानं शिष्यवृत्ती दिली आणि हा मुलगा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आला. हेच आपलं आजचं सीओईपी. इथं तो नुसता पास झाला नाही, १८८३ च्या इंजिनिअरिंगच्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिला आला. त्या काळी पहिल्या नंबराला सरकारी नोकरी ठरलेली असायची. १८८४ साली सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून ते रुजू झाले, आधी नाशिकला आणि मग खानदेशात.

खानदेशातलं काम लक्षात ठेवा, कारण त्याचा धागा पुढं पुण्यात येतो.

धुळ्याच्या बाजूला पांझरा नदी आहे. तिच्या एका पाटावर नळ टाकून पाणी पलीकडं न्यायचं काम या नव्या अधिकाऱ्याकडं आलं. ऐन पावसाळा, पाण्याबरोबर वाळू आणि गाळ येऊन केलेलं काम बुजतंय. पावसाळा संपेपर्यंत काम थांबवावं असं त्यांनी वर कळवलं, तर वरिष्ठांची नाराजी पदरात पडली. शेवटी त्यांनी ते काम पूर्ण करून दाखवलं. पण पांझरेच्या खोऱ्यात त्यांच्या डोळ्यांसमोर अजून एक गोष्ट होती, जी सरकारी अभियंत्यांनी बांधलेली नव्हती. फड पद्धत.

पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षांपासून लहान लहान बंधारे होते आणि त्यांचं पाणी गावकरी स्वतः वाटून घ्यायचे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे पाडायचे, त्यांना म्हणायचं फड. एका फडात यंदा सगळ्यांनी ऊस लावायचा, दुसऱ्यात सगळ्यांनी गहू-हरभऱ्यासारखं हंगामी पीक, तिसऱ्यात आणखी कमी पाण्याचं. पुढच्या वर्षी फेरपालट. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्यानं ऊस कुणा एकाच्याच वाट्याला जात नसे. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी गाव बसून ठरवायचं, यंदा एक फड कमी भिजवायचा.

ही सगळी व्यवस्था कुठल्याही पुस्तकाशिवाय एक गोष्ट ओळखून होती. पाऊस दरवर्षी वेगळा असतो, पण त्या भागाचा स्वभाव बदलत नाही. शाळेच्या पुस्तकात यालाच हवामान आणि हवामानाची दीर्घकालीन सरासरी असं काहीतरी कोरडं लिहिलेलं असतं. सोपं करून सांगायचं तर आज दुपारी पाऊस येणार का, ही झाली हवा. तीसेक वर्षांचा हिशेब मांडला तर या गावात साधारण किती पाऊस पडतो, कधी पडतो आणि किती वेळा दगा देतो, हे झालं हवामान. यंदा पाणी कमी म्हणून एक फड सोडायचा, हे हवेला दिलेलं उत्तर. सगळ्यांनीच सगळीकडं ऊस लावायचा नाही हा कायमचा नियम, हे हवामानाला दिलेलं उत्तर.

खानदेशानंतर बऱ्याच बदल्या झाल्या. त्यातली सिंधमधल्या सक्करची कामगिरी सांगायलाच हवी. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. सक्कर शहर सिंधू नदीच्या काठावर, पाण्याला तोटा नाही, पण पाणी इतकं गढूळ की पिण्याच्या लायकीचं नाही. गाळण यंत्रणा उभारायला नगरपालिकेकडं पैसा नाही. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली आणि वाळूच्या थरातून झिरपून येणारं पाणी त्यात गोळा केलं. वाळूनंच पाणी गाळून दिलं. आपल्याकडं नदीच्या वाळवंटात झरा उकरून पाणी भरणाऱ्या बायकांना ही युक्ती नवी नव्हती, पण एका शहराच्या मापाची करणं हे काम होतं. १८९५ साली ती योजना सुरू झाली.

आणि मग १८९९ च्या सुमाराला ते पुणे जिल्ह्याच्या पाटबंधाऱ्यांचे कार्यकारी अभियंता झाले.

वेळ पाहा. १८९६-९७ चा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला. १८९९-१९०० चा त्याहून मोठा दुष्काळ दारात. आणि पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग म्हणजे शिरूर, भीमथडी, इंदापूर. आजचा दौंड तालुका तेव्हाच्या भीमथडीत मोडायचा. दुष्काळ आला की पहिला फटका याच पट्ट्याला.

असं का? इथं थोडं आभाळाकडं बघावं लागेल.

अरबी समुद्रावरून वाफ भरलेले वारे जूनमध्ये पूर्वेकडं निघतात. वाटेत सह्याद्री आडवा येतो. वाऱ्याला वर चढावं लागतं. वर हवा थंड असते आणि थंड हवेत वाफ मावत नाही, तिचं पाणी होतं आणि ते घाटमाथ्यावर कोसळतं. डोंगर ओलांडून तोच वारा पूर्वेच्या उतारानं खाली येतो तेव्हा तो तापत जातो. गरम हवेत वाफ परत मावायला लागते, ढग विरतात. उरतं काय, तर वारा आणि धूळ. याला म्हणायचं पर्जन्यछायेचा प्रदेश.

आकडे बघितले की डोळे पांढरे होतात. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पुण्यात सातशेच्या आसपास. शिरूर-दौंडला पाचशेच्या आगंमागं. लोणावळा ते दौंड रेल्वेनं जेमतेम १४० किलोमीटर आहे. सकाळची गाडी पकडली तर जेवायच्या आत माणूस आठपट पावसातून एकपट पावसात येऊन पोचतो. शिवाय जो पाऊस पडतो त्यातला बराचसा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाचा. तो आला तर ज्वारी, नाही आला तर सरकारी खडी फोडायचं काम, असा इथला जुना हिशेब.

पण याच पट्ट्यातून वाहणाऱ्या नद्या घाटमाथ्यावर जन्मतात. भीमा भीमाशंकरला उगम पावते. घोड तिकडचीच, आंबेगावच्या डोंगरातली. मुळा आणि मुठा मुळशी-वेल्ह्याच्या डोंगरातून येतात, पुण्यात एक होतात आणि रांजणगाव सांडसला भीमेला मिळतात. म्हणजे निसर्गानं पाऊस दिला नाही, पण पडलेल्या पावसाची वाट मात्र याच गावांच्या दारावरून आखली. समुद्रातून वाफ, वाफेचा पाऊस, पावसाची नदी, नदी पुन्हा समुद्रात, हे जे जलचक्र आपण पाचवीत रंगीत पेन्सिलींनी काढलं, त्यात दौंडची जागा ढगाखाली नाहीये. नदीच्या बाणावर आहे.

आणि नदीच्या बाणाची एक अडचण असते. तो चार महिने धावतो आणि आठ महिने आटतो. धरण बांधायचं ते एवढ्यासाठीच.

खडकवासल्याचं धरण विश्वेश्वरय्यांनी बांधलेलं नाही, हेही इथं सांगून टाकलेलं बरं, कारण फॉरवर्ड मेसेजमध्ये काहीही येतं. ती कल्पना कर्नल फाइफ यांची, म्हणून तलावाचं तेव्हाचं नाव लेक फाइफ. काम १८६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं आणि १८७९ च्या सुमाराला संपलं. तिथून निघालेला मुठा उजवा कालवा पुण्यातून हडपसर, लोणी काळभोर, यवत करत सुमारे ११२ किलोमीटरवर पाटसजवळ संपायचा. मुठेचं पाणी दौंडच्या काळ्या मातीत नेणारी पहिली मोठी वाट ही.

विश्वेश्वरय्या आले तेव्हा दोन तक्रारी होत्या. एक, पुणे शहर आणि लष्कर वाढत होतं, त्यांना पाणी पुरेना. दोन, कालव्यावरची शेती सरकारच्या अपेक्षेइतकी होईना.

पहिल्या तक्रारीवर सोपा उपाय होता, धरणाची उंची वाढवा. पण त्याला पैसा आणि वेळ दोन्ही लागणार. विश्वेश्वरय्यांनी सांडव्याकडं पाहिलं. धरण भरलं की जादाचं पाणी सांडव्यावरून उड्या घेत खाली जातं. दर पावसाळ्यात हे पाणी सांडव्यावरून कित्येक फूट उंचीनं वाहायचं आणि सरळ नदीत जायचं. म्हणजे भिंत तेवढा भार पेलते आहे. मग पूर ओसरल्यावर तेवढंच पाणी सांडव्यावर अडवून का धरू नये?

अडवायचं तर दरवाजे हवेत. पण दरवाजे बंद आणि रात्री दोन वाजता मुठेला लोंढा आला तर? उघडायला माणूस वेळेत पोचला नाही तर पाणी भिंतीवरून जाईल आणि धरणच फुटेल. १९०३ साली टेलिफोनवर हवामानाचा इशारा येत नव्हता. वरच्या खोऱ्यात ढगफुटी झाली हे कळायचं तेव्हा पाणी दारात आलेलं असायचं.

म्हणून त्यांनी दरवाजेच असे बनवले की त्यांना माणसाची गरज लागू नये. दरवाजांना साखळ्यांनी वजनं जोडलेली आणि ती वजनं हौदांत. तलावाची पातळी ठरलेल्या खुणेच्या वर गेली की पाणी आपोआप हौदात शिरायचं, वजनाचा तोल बदलायचा आणि दरवाजे उघडायचे. पूर उतरला, हौदातलं पाणी गेलं की दरवाजे आपोआप बंद. वीज नाही, इंजिन नाही, रखवालदार नाही. पूर स्वतःच स्वतःसाठी दार उघडतो आणि जाताना लावून घेतो.

१९०३ मध्ये हे दरवाजे खडकवासल्यावर बसले. भिंत न वाढवता पाण्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वर गेली आणि साठा पावपटीनं वाढला. पुढं ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराज सागरावर हीच पद्धत वापरली गेली. त्यांनी या रचनेचं पेटंट घेतलं, पण सरकारी नोकरीत केलेलं काम म्हणून तिच्यावर रॉयल्टी घेतली नाही.

विश्वेश्वरय्यांची गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथं टाळ्या वाजवून पुढं म्हैसूरला जातात. मला विचाराल तर त्यांचं पुण्यातलं जास्त अवघड काम दुसरंच होतं, आणि त्यात लोखंडाचा एक तुकडाही नव्हता.

ती होती दुसरी तक्रार, कालव्याच्या शेतीची. आपल्याला वाटतं कालवा आला की सगळे खूश. तसं होत नाही. कालव्याच्या तोंडाशी असलेल्या गावांना पाणी भरपूर. ते ऊस लावतात, उसाला बारा महिने पाणी लागतं. दिलेलं पाणी मोजायची सवय नाही, त्यामुळं गरज नसतानाही शेत भिजत राहतं. शेपटाकडच्या गावाला मात्र पाणी येईल की नाही याचा भरवसा नाही. भरवसा नाही म्हणून तो बी-बियाण्यात पैसा घालत नाही आणि पाऊस बरा झाला तर पाणी मागतच नाही. दुष्काळात मात्र सगळे एकदम मागतात आणि नेमकं तेव्हाच धरण रिकामं असतं.

आणि वरच्या गावांचंही भलं होत नाही. जास्तीचं पाणी खाली मुरतं, जमिनीतली पाण्याची पातळी वर येते आणि मातीतले क्षार बरोबर घेऊन येते. उन्हानं पाण्याची वाफ होते, क्षाराची होत नाही. तो पांढरा थर होऊन वर साठतो. पाणी आभाळात परत जातं आणि मीठ शेतकऱ्याच्या वाट्याला राहतं. नीरा खोऱ्यातल्या माणसाला चोपण जमीन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

विश्वेश्वरय्यांनी यावर जो उपाय मांडला त्याला ब्लॉक पद्धत म्हणतात. कालव्याखालच्या सगळ्या जमिनीला थोडं थोडं पाणी देत बसण्यापेक्षा प्रत्येक गावात चांगल्या जमिनीचे ठरावीक तुकडे निवडायचे. त्या तुकड्यांना पाण्याची हमी काही वर्षांसाठी लिहून द्यायची. पण अट अशी की तुकड्याच्या साधारण एक तृतीयांश भागातच ऊस, बाकीच्या भागात कमी पाण्याची पिकं, आणि तीन वर्षांत फेरपालट. पाणी मोजून आणि पाळीनं. त्यामुळं तेच पाणी जास्त गावांत पोचेल, जमीन खारावणार नाही आणि शेपटाकडच्या शेतकऱ्यालाही आपलं पाणी कधी येणार हे आधी ठाऊक असेल.

ओळखीचं वाटतंय ना? पांझरेकाठचा फड आठवा. विश्वेश्वरय्यांनी ते तिथूनच उचललं असं कुणी शपथेवर सांगू नये, पण पांझरेवर उमेदीची वर्षं काढलेल्या माणसानं हे पाहिलंच नसेल असं म्हणणंही अवघड आहे. फरक एवढाच की फडात गाव ठरवायचं, ब्लॉकमध्ये सरकार.

आणि याच फरकामुळं विरोध झाला. मनाला येईल तसं पाणी घ्यायची सवय लागलेल्या बागायतदारांना हे बंधन वाटलं. विश्वेश्वरय्या स्वतः शेतकऱ्यांशी बोलले, समजूत घातली, काही बदल केले आणि नीरा कालव्यावर पद्धत सुरू झाली. १९०१ ते १९०३ या काळात देशभर फिरलेल्या सिंचन आयोगापुढंही त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. दख्खनच्या कालव्यांच्या नियमांत ब्लॉक हा शब्द नंतर कित्येक दशकं राहिला. आजही पाटबंधारे खात्यातल्या जुन्या माणसाला ऊस ब्लॉक म्हटलं की कळतं.

या काळात पुण्यात त्यांची ऊठबस न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले यांच्यात होती. दुष्काळ, शेतसारा, शेतकऱ्याचं कर्ज हे त्या मंडळींचे रोजचे विषय. कालव्याच्या कामात ते फक्त घनफूट मोजत बसले नाहीत, याचं श्रेय थोडं या पुणेरी संगतीलाही द्यायला हरकत नाही.

१९०६ मध्ये सरकारनं त्यांना एडनला पाठवलं. एडन बंदराचा कारभार तेव्हा मुंबई सरकारच बघायचं. तिथं पाऊस जवळजवळ नाहीच. समुद्राचं पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून प्यायची पाळी. विश्वेश्वरय्यांनी शहरात पाणी शोधण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी लांबच्या डोंगरांकडं पाहिलं, जिथं पाऊस पडतो. तिथून निघालेलं पाणी लाहेजच्या बाजूच्या कोरड्या दिसणाऱ्या नदीपात्राखालून वाहत होतं. तिथं विहिरी घ्या आणि पाणी शहरात आणा, असं त्यांनी सुचवलं. दौंडचंच गणित, फक्त वाळवंटात मांडलेलं.

१९०८ मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. वरिष्ठ असलेल्या अनेकांना मागं टाकून ते पुढं आले होते, पण मुख्य अभियंत्याच्या खुर्चीवर भारतीय माणूस बसणार नाही हे उघड होतं. ते परदेश दौऱ्यावर निघून गेले.

तिथं असतानाच हैदराबादच्या निजामाचं बोलावणं आलं. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीनं हैदराबादमध्ये हाहाकार माजवला होता. हजारो माणसं गेली. विश्वेश्वरय्यांनी पूर मोजला तो शहरापासून नाही, वरच्या खोऱ्यापासून. कुठं किती तासांत किती पाऊस पडला, उतार किती, किती पाणी मुरलं, किती धावलं. त्या खोऱ्यात शेकडो जुने तलाव होते, त्यातले दोनशेहून अधिक त्या पावसात फुटले होते. एका तलावाचं पाणी दुसऱ्यावर, दुसऱ्याचं तिसऱ्यावर. त्यांनी वरच्या बाजूला दोन मोठे जलाशय सुचवले. पुढं तेच उस्मान सागर आणि हिमायत सागर म्हणून उभे राहिले आणि पूर अडवण्याबरोबर त्यांनी शहराला प्यायचं पाणीही दिलं.

त्यानंतरचं आयुष्य सगळ्यांना माहीत आहे. १९०९ मध्ये म्हैसूरचे मुख्य अभियंता, १९१२ ते १९१८ दिवाण. कावेरीवर कृष्णराज सागर. पण दौंडकरांनी ते धरणही जरा आपल्या नजरेनं बघावं. कावेरी कोडगूच्या घाटात भरते, तिथं धो धो पाऊस. मंड्या पर्जन्यछायेत कोरडा. घाटातलं पाणी अडवून मंड्यात आणलं आणि मंड्यात ऊस उभा राहिला, साखर कारखाना आला. नकाशावरची नावं बदला, गोष्ट पाटस-केडगावची होते, गुऱ्हाळाच्या धुरासकट. आणि पुढचं भांडणही तेच, वरच्यांनी किती घ्यायचं आणि खालच्यांना किती सोडायचं. कावेरीचं भांडण दोन राज्यांचं झालं, एवढाच फरक.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. तेव्हा ते नव्वदी ओलांडून गेले होते आणि तरी कामाचे कागद वाचत होते.

१२ जुलै १९६१. खडकवासल्याच्या वर आंबी नदीवर पानशेत धरणाचं काम सुरू होतं. काम अपुरं असतानाच पावसाळ्याचं पाणी साठलं आणि त्या सकाळी धरण फुटलं. तो लोंढा खडकवासल्यावर आला. आपोआप उघडणारे दरवाजे एका नदीच्या पुरासाठी होते, एका अख्ख्या धरणाच्या पाण्यासाठी नव्हते. काही तासांत खडकवासलाही फुटलं आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला. ऐंशी वर्षांहून जास्त काळ उभी राहिलेली भिंत त्या दिवशी गेली. शंभरीतले विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. पुढच्या वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये, ते बंगळूरमध्ये गेले. अंत्यसंस्कार मुद्देनहळ्ळीला झाले.

खडकवासला पुन्हा बांधलं गेलं, नव्या पद्धतीच्या दरवाजांसह. वर पानशेत, वरसगाव, टेमघर झाली. कालवा पाटसवर न थांबता नवा मुठा उजवा कालवा म्हणून इंदापूर तालुक्यापर्यंत गेला. भीमेपलीकडच्या शिरूरला या कालव्याचं पाणी कधीच नव्हतं, तो बराच काळ जिरायतीच राहिला. त्याच्या वाट्याला स्वातंत्र्यानंतर चिंचणीजवळचं घोड धरण आणि चासकमान, डिंभे धरणांचे कालवे आले. तिथंही तत्त्व तेच, पाणी खेड-आंबेगावच्या डोंगरातलं आणि शेत शिरूरचं.

दरवाजांचा भाग आपण उचलला, किंबहुना त्याच्या कितीतरी पुढं गेलो. वाटणीचा भाग उचलला का, याचं उत्तर दर उन्हाळ्यात कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत मिळतं. चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावतं. पुणे शहराची मागणी वाढत जाते, कालव्यावर उसाचा तिसरा हिस्सा असा कुठलाही नियम उरलेला नाही. मग शेतीला उन्हाळ्यात एक आवर्तन की दोन, यावर बातम्या सुरू होतात.

आवर्तन सुटलं की पाणी पुण्याच्या मधून निघतं. हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, केडगाव. वाटेत वरवंडचा तलाव भरून घ्यायचा असतो. वाटेत बाष्पीभवन, वाटेत गळती, वाटेत मोटारी. पाटसच्या पुढचा शेतकरी तोवर रोज सकाळी कालव्याच्या भरावावर जाऊन, पाणी कुठवर आलंय ते वरच्या गावच्या पाहुण्याला फोन करून विचारत असतो.